१०-१० आणि १.९७ : पिट्सबर्गमधला न मिटणारा वाद

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, पॉल स्कीन्स याच्या नावावर २०२५ च्या मोसमात दहा विजय आणि दहा पराभव लागले. कागदावर अगदी बेताची कामगिरी. त्याच मोसमात त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, होता १.९७ (हा जितका कमी तितका चांगला), आणि नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. संघ मात्र ७१ सामने जिंकून ९१ हरला. तीस संघांत सगळ्यात कमी होमरन, म्हणजे थेट कुंपणाबाहेर मारलेले फटके, याच संघाचे, फक्त ११७. पिचरने कितीही टिच्चून टाकलं तरी आपले बॅटर धावाच काढणार नसतील तर विजय कुठून येणार?

या आकड्यांवरून इथे सुरू झालेला वाद थांबायचं नाव घेत नाही. स्कीन्सला आत्ताच दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात चार-पाच होतकरू पोरं घ्यावीत, की काहीही झालं तरी त्याला सोडू नये? ऑफिसच्या कँटीनमध्ये, बसमध्ये, रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमात, सगळीकडे हेच. मैदानात तर मालकाला उद्देशून ‘संघ विका’ अशा घोषणाही होतात. जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांनी ट्रेडची, म्हणजे अशा अदलाबदलीची, शक्यता उडवून लावली, तरी लोक ऐकायला तयार नाहीत.

भारतातल्या वाचकाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातहून मुंबईकडे आला, तेव्हा त्याची संमती लागली होती. इथे खेळाडूला कोणी विचारत नाही. त्याच्या करारात तसं कलम असेल, किंवा मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच त्याच संघात झाली असतील, तरच त्याला नकार देता येतो. बाकीच्यांनी फोन आला की बॅग भरायची.

संघ खेळाडूवर हक्क सांगतो तो सहा वर्षांच्या सेवेपुरता. १७२ दिवस मेजर लीगच्या यादीत राहिलं की एक वर्ष धरतात. पहिली तीन वर्षं पगार जवळजवळ किमान, पुढची तीन वर्षं लवाद पगार ठरवतो, आणि मग खेळाडू मोकळा. स्कीन्स मे २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये आला. एरवी ते वर्ष अपुरं पडलं असतं, पण सर्वोत्तम नवोदिताचा ‘रूकी ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाल्यामुळे नियमानुसार पूर्ण धरलं गेलं. म्हणून तो २०२९ अखेरपर्यंत पायरेट्सचा. २०२५ चा त्याचा पगार होता पावणेनऊ लाख डॉलर. खुल्या बाजारात या दर्जाच्या पिचरला वर्षाला तीन-चार कोटी डॉलर मोजावे लागतात. ट्रेडमध्ये खरेदी-विक्री होते ती या फरकाची. ‘स्कीन्सच्या बदल्यात कोण मिळेल’ एवढ्यावरच भांडणारे अर्धाच हिशेब मांडतात.

तरीही ‘ट्रेड’ म्हटलं की इथल्या जुन्या चाहत्याच्या कपाळावर आठी पडते. कारण एकच, क्रिस आर्चर.

३१ जुलै २०१८, अदलाबदलीचा शेवटचा दिवस. पायरेट्सनी सलग अकरा सामने जिंकून नुकती उचल खाल्ली होती आणि त्या भरात टँपा बे रेजकडून आर्चरला आणलं. बदल्यात दिले पिचर टायलर ग्लासनाउ, आउटफिल्डर (कुंपणाजवळचा फिल्डर) ऑस्टिन मेडोज, आणि ‘नाव नंतर कळवू’ या नियमाखाली तिसरा एक जण. असं नाव सहा महिन्यांच्या आत सांगावं लागतं. दोन आठवड्यांनी कळलं, तो शेन बॅझ, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बाराव्या क्रमांकावर घेतलेला मुलगा.

हा सौदा त्या दिवशी कागदावर वेडगळ नव्हता. ते समजायला ईआरए आणि एफआयपी यांतला फरक कळायला हवा. ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा गुणिले नऊ, भागिले टाकलेल्या इनिंग. यात फिल्डरची चपळाई, मैदानाचा आकार आणि नशीब असं सगळंच मिसळलेलं असतं. व्होरोस मॅक्रॅकनने २००१ मध्ये मांडलं की बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचा हिट होतो (बॅटर सुखरूप बेस गाठतो) की आउट, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी असतो. त्या विचारातून एफआयपी आलं, फिल्डरचा भाग वगळून फक्त पिचरचं माप. होमरनला १३ ने गुणा, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट मिळालेला बेस) आणि अंगाला चेंडू लागलेल्यांना ३ ने, त्यांची बेरीज करा, त्यातून स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइकवर बाद केलेल्या बॅटरांची) दुप्पट वजा करा, इनिंगने भागा, आणि शेवटी साधारण ३.१ मिळवा. हा शेवटचा आकडा दरवर्षी थोडा बदलतो. एफआयपीला ईआरएच्या मापात बसवण्यापुरताच तो असतो.

स्कीन्सवर करून बघा. २०२५ मध्ये ११ होमरन, ४२ वॉक, २१६ स्ट्राइकआउट, १८७ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग. १४३ अधिक १२६ वजा ४३२ म्हणजे उणे १६३. भागाकार आला उणे ०.८७. ३.१ मिळवल्यावर सव्वादोनच्या आसपास. अंगाला चेंडू लागलेले धरले की तो किंचित वर सरकतो. पेन आणि कागद एवढ्यात काम होतं.

आर्चरचा २०१७ चा ईआरए ४.०७ आणि एफआयपी ३.४०. स्ट्राइकआउट २४९. २०१६ मध्ये आणि २०१८ च्या पूर्वार्धातही फरक याच दिशेने, ईआरए वर आणि एफआयपी खाली. आकडेवारीच्या बाजूचे चाहते त्या वेळी छातीठोकपणे सांगत होते की बिचाऱ्याचं नशीब खोटं आहे, चांगले फिल्डर मिळाले की ईआरए आपोआप खाली येईल. पैशाचं गणितही जुळत होतं. तेव्हा एका ‘वॉर’ची बाजारातली किंमत ढोबळमानाने ८० लाख डॉलर धरत. वॉर म्हणजे हाताशी सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती सामने जास्त जिंकून दिले त्याचा अंदाज. सगळा संघच अशा बदली खेळाडूंचा असेल तर तो १६२ पैकी ४८ च्या आसपास सामने जिंकेल, तिथून मोजणी सुरू. आर्चर वर्षाला तीन वॉर देईल असं धरलं तर तीन वर्षांत सात कोटी वीस लाखांचं काम. त्याचा २०१९ ते २०२१ चा पगार, संघाच्या मर्जीवरची पर्यायी वर्षं धरून, पावणेतीन कोटी. साडेचार कोटींच्या जवळपास फायदा.

मेख त्या ‘तीन वॉर’मध्ये होती. फॅनग्राफ्स ही साइट पिचरचा वॉर एफआयपीवरून काढते, तर बेसबॉल-रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या धावांवरून, फिल्डिंगचा परिणाम वजा करून. त्यामुळे आर्चर पहिल्या साइटवर तालेवार आणि दुसरीवर सामान्य दिसत होता. दोन साइटवर एकाच पिचरचे आकडे इतके लांब पडले, तर सोयीचा एक उचलायचा नसतो, फरक का पडतोय ते शोधायचं असतं.

आर्चरच्या बाबतीत ते मैदानावर दिसतही होतं. त्याच्याकडे भरवशाचे चेंडू दोनच, फास्टबॉल आणि बाजूला वळणारा स्लायडर. चकवणारा हळू चेंडू, चेंजअप, नावापुरता. पहिल्यांदा समोर आलेला बॅटर गडबडतो. तोच बॅटर तिसऱ्यांदा आला की त्याला दोनातून एकच ओळखायचा असतो, आणि ओळखलेला फास्टबॉल तो कडक मारतो. नशीब फिरतं असतं. एका मोसमात ईआरए आणि एफआयपी यांत अर्ध्या-पाऊण धावेचा फरक पडला तर तो नशिबाच्या खात्यावर टाका. पण तो दरवर्षी त्याच बाजूला पडत असेल, तर सूत्राला पिचरमधलं काहीतरी दिसतच नाहीये.

पिट्सबर्गमध्ये २०१९ साली आर्चरचा ईआरए झाला ५.१९. त्यात आणखी एक घोळ होता. पायरेट्सची तेव्हाची पद्धत होती सिंकर (शेवटी खाली बुडणारा फास्टबॉल) खाली टाकायचा आणि जमिनीलगतचे फटके काढून घ्यायचे. २०१३ ते २०१५ या काळात ती उत्तम चालली, २०१५ मध्ये ९८ सामने जिंकले. पुढे बॅटरांनी खालून वर उचलणारा फटका घोटला आणि तेच खालचे चेंडू कुंपणाबाहेर जाऊ लागले. तरी २०१९ मध्ये आर्चरला पुन्हा टू-सीमर, म्हणजे सिंकरच्याच जातीचा चेंडू, टाकायला लावला. तो चेंडू मार खाऊ लागला तेव्हा मोसमाच्या मध्यावर आर्चरने तो सोडून दिला.

ग्लासनाउचं नेमकं उलट झालं. पायरेट्सकडे २०१७ मध्ये त्याचा ईआरए होता ७.६९, आणि २०१८ मध्ये तो बुलपेनमध्ये, म्हणजे मागाहून येणाऱ्या राखीव पिचरांत, पडून होता. हा गडी सहा फूट आठ इंच. पिचरच्या माउंडपासून बॅटरपुढच्या होमप्लेटपर्यंतचं अंतर साडेसाठ फूट. तो इतका लांब पाय टाकतो की चेंडू त्याच्या हातातून साधारण पिचरपेक्षा फूटभर पुढे सुटतो. ताशी १५६ किलोमीटरचा फास्टबॉल बॅटरला त्याहून वेगवान भासतो. रेजनी त्याला सांगितलं ते फार साधं होतं. फोर-सीमर (सरळ फास्टबॉल) वर टाक, कर्व्ह (वळत खाली पडणारा) खाली टाक, बाकी डोक्यातून काढ. २०१९ मध्ये १२ सामन्यांत त्याचा ईआरए आला १.७८. हीच चूक पायरेट्सनी आर्चरच्या सौद्याच्या सहा महिने आधी पिचर गेरिट कोलबाबत केली होती. २०१७ मध्ये इथे ४.२६ ईआरए असलेला कोल ह्यूस्टनला गेला, सिंकर कमी केला, आणि २०१९ मध्ये ३२६ स्ट्राइकआउट घेऊन मोकळा झाला. एकदा घडलं तर योगायोग म्हणता येईल. दोनदा घडल्यावर त्या मोसमाअखेरीस मॅनेजर, पिचिंग प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर तिघांनाही घरी पाठवलं.

मेडोजने २०१९ मध्ये रेजसाठी ३३ होमरन मारले. एप्रिल २०२२ मध्ये त्याला डेट्रॉइटला देऊन रेजनी इसाक परेडेस घेतला, आणि इथे कथेला मजेदार वळण मिळतं. परेडेस चेंडू फार जोरात मारत नाही. स्टॅटकास्ट ही लीगची मोजणी यंत्रणा २०१५ पासून प्रत्येक फटक्याचा वेग आणि उंचीचा कोन मोजतं आणि त्यावरून ‘व्हायला हवं होतं’ असा आकडा काढतं. तो आकडा म्हणायचा, हा नशिबावर चाललाय. प्रत्यक्षात २०२३ मध्ये त्याने ३१ होमरन मारले. कारण तो चेंडू उचलून थेट डावीकडच्या कोपऱ्यात ओढतो, आणि टँपाच्या मैदानात तो कोपरा ३१५ फुटांवर होता. स्टॅटकास्टच्या त्या सूत्रात फटक्याची दिशाच नाही! जुलै २०२४ मध्ये तो शिकागो कब्जकडे गेला. तिथे डावीकडची रेषा ३५५ फूट. उरलेल्या मोसमात अवघे तीन होमरन. मग ह्यूस्टन, पुन्हा ३१५ फूट, आणि २०२५ मध्ये २० होमरन आणि ऑल-स्टार संघात जागा. आर्चरला सूत्राने डोक्यावर घेतलं, परेडेसला खाली ढकललं. दोघांचाही फरक वर्षानुवर्षं एकाच दिशेने होता.

तेव्हा कुठलाही ट्रेड जोखायचा तर आधी करार बघावा, किती वर्षं आणि किती पैसे. मग फॅनग्राफ्सवर ईआरए आणि एफआयपी मोसमागणिक शेजारी ठेवावेत, निदान तीन वर्षांचे. फटक्यांवरच्या पिचरच्या नशिबाचा निकाल लागायला सुमारे दोन हजार चेंडू मैदानात पडावे लागतात, म्हणजे तीन-चार मोसम. स्ट्राइकआउटचं प्रमाण मात्र सत्तरेक बॅटरांतच बऱ्यापैकी स्थिरावतं. म्हणून जूनमध्ये ‘याचे स्ट्राइकआउट वाढलेत’ म्हणणारा बहुधा बरोबर असतो आणि ‘याला हिट बसत नाहीत’ म्हणणारा बहुधा घाई करतो. त्यानंतर बेसबॉल सॅव्हंट या स्टॅटकास्टच्या साइटवर चेंडूंचे प्रकार आणि प्रत्येकाचं प्रमाण बघावं. तिथेच कळतं की नवा संघ काय बदलू शकेल. मैदानाची मापं शेवटी.

हीच फुटपट्टी स्कीन्सला लावली तर? २०२४ मध्ये ईआरए १.९६ आणि एफआयपी २.४ च्या आसपास, २०२५ मध्ये १.९७ आणि २.३६. दोन्ही वर्षं ईआरए खाली. ‘नशीबवान आहे, भाव चढलाय तोवर विका’ हा युक्तिवाद इथूनच निघतो. पण त्याच्याकडे आर्चरसारखे दोन चेंडू नाहीत, चांगले पाच-सहा आहेत. सिंकर आणि स्प्लिटर यांच्या मधला, इथे ‘स्प्लिंकर’ म्हणतात तो, बॅटच्या खालच्या कडेला लागून जमिनीवर घरंगळतो. शिवाय पायरेट्सच्या घरच्या मैदानात, पीएनसी पार्कमध्ये, डाव्या-मधल्या बाजूला कुंपण ४१० फुटांपर्यंत मागे जातं, त्यामुळे उजव्या हाताच्या बॅटरचे होमरन तिथे मरतात. तेव्हा विकत घेणाऱ्याने होमरनचा आकडा थोडा वाढवून धरावा, पण कमकुवत फटक्यांचा भाग त्याचा स्वतःचाच मानावा. दोन मोसम म्हणजे पुरावा अजून कोवळा आहे, पण झुकतं माप आम्ही चेंडूंच्या विविधतेला देऊ.

विकणाऱ्यांचा खरा जोरकस मुद्दा वेगळाच आहे, कोपर. ग्लासनाउवर ऑगस्ट २०२१ मध्ये कोपराच्या स्नायुबंधाची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, आणि त्यातून परतायला पिचरला एक ते दीड वर्ष लागतं. हक्काच्या मोजक्या मोसमांतला एक असा गेला की फायद्याचं सगळं गणित कोलमडतं. स्कीन्सचा पगार २०२७ पासून लवादाकडे जाईल. खेळाडू संघटना आणि लीग यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, आणि नव्या करारात लवादाचे नियम बदलले तर आज मांडलेला प्रत्येक हिशेब नव्याने मांडावा लागेल.