लंडन ते दिल्ली, अबू धाबीमार्गे

मी एका विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात फ्लाइट डिस्पॅचर म्हणून, म्हणजे विमानाचा मार्ग आणि इंधन ठरवण्याचे काम करतो. दिल्ली ते लंडन किती अंतर, असे कोणी विचारले की आम्ही ‘कोणत्या मार्गाने?’ असा उलट प्रश्न करतो आणि विचारणाऱ्याला तो आगाऊपणा वाटतो. पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळची रेघ ओढली तर ते सुमारे 6,700 किलोमीटर भरते. पण ती रेघ दिल्ली सोडल्यावर थोड्याच वेळात पाकिस्तानात शिरते.

24 एप्रिल 2025 रोजी, पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले. 2019 च्या फेब्रुवारी ते जुलैमधली बंदी पाहिलेली असल्याने पर्यायी मार्ग मला तोंडपाठ होते, आणि जी विमाने अजून जमिनीवर होती त्यांचे नियोजन बदलणे फारसे जड गेले नाही. प्रश्न होता तो हवेत असलेल्यांचा. लंडनहून निघालेले आमचे एक बोईंग 787 तेव्हा काळ्या समुद्राच्या अलीकडे होते आणि त्यात जुन्या मार्गाच्या हिशेबाचेच इंधन होते.

टाकी काठोकाठ का भरत नाही, असे पुष्कळजण विचारतात. इंधनालाही वजन असते आणि ते वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळते. म्हणून प्रवासापुरते, त्यावर थोडे आकस्मिक खर्चाचे, दिल्लीत उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे आणि अखेरीस अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके राखीव, असा मोजून-मापून भरणा केलेला असतो. तुर्कस्तान, इराक, आखात आणि अरबी समुद्र ओलांडून गुजरातवरून दिल्ली गाठायची तर वळसा हजाराहून अधिक किलोमीटरचा, म्हणजे दीड तासाच्या आसपास होत होता, आणि हे विमान ताशी साधारण 5 टन इंधन पिते.

कॅप्टन मूळचे नाशिकचे. उपग्रह फोनवर माझे आकडे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “पोचेन हो मी दिल्लीला, पण राखीवला हात लावून. ते नको. अबू धाबी बघा.”

मीही तेच मांडून ठेवले होते. आता खरी घाई जमिनीवर होती, कारण तिथे थांबलेला वेळही वैमानिकांच्या ठराविक तासांच्या ड्यूटीत मोजला जातो. तासाभरात विमान सुटले नसते तर पुढच्या तीन तासांच्या टप्प्यासाठी नवे वैमानिक शोधावे लागले असते. इंधनाचा टँकर, उतरण्याची जागा, दिल्लीपर्यंतचा नवा फ्लाइट प्लॅन, सगळे विमान आखातावर असतानाच ठरले. त्याच गडबडीत एका प्रवाशाच्या वडिलांचा फोन चुकून आमच्या कक्षात जोडला गेला. विमान बिघडले काय, एवढेच त्यांना हवे होते. नाही, म्हटल्यावर त्यांनी लगेच फोन ठेवला.

विमान तासाच्या आत सुटले. तोवर अमेरिकेच्या उड्डाणांची यादी माझ्यापुढे येऊन पडली होती, आणि त्यांचा वळसा लंडनपेक्षा कितीतरी अवघड होता.