तुम्ही विचारलंत म्हणून : मी जागा का सांगत नाही

फेब्रुवारी सरता सरता पांगारा फुलतो, भोरड्यांचे थवे त्यावर उतरू लागतात आणि मला दरवर्षीचा प्रश्न येतो : "फोटो दाखवता, नोंदी सांगता, मग नेमकं लोकेशन का देत नाही?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक आरोपही असतो, की मला पक्षी माझ्या मालकीचे वाटतात. तो मला मान्य नाही. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये तांबट कुठे ऐकू येतो किंवा पाषाण तलावाच्या काठी कोणत्या बाजूला उभं राहावं, हे मी कोणालाही सांगते, कारण तिथल्या पक्ष्यांना माणसांची सवय झालेली आहे. माझं मौन शहराबाहेरच्या शेतांपुरतं आहे, आणि तेही जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांपुरतं.

पुण्याच्या पूर्वेला, शाळू निघालेल्या एका रानात टिटवीने चार अंडी घातली होती. घरटं म्हणजे ढेकळांमधला उथळ खळगा, त्यात बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या; मातकट अंड्यांवरचे काळे डाग असे, की नजर जराशी हलली तरी अंडी नव्याने शोधावी लागत. शेतमालक नांगरटीला आले तेव्हा मी भीत भीत त्यांना खळगा दाखवला. त्या गावात टिटवीचं ओरडणं अशुभ मानतात, तरी ते म्हणाले, "एवढी जागा सुटली म्हणून माझं काय बिघडतंय, ताई?" आणि ट्रॅक्टर वळवून त्यांनी धसकटांचा खाटेएवढा तुकडा तसाच राखला. मार्चमधल्या दुपारी अंड्यांना उबेपेक्षा सावलीची गरज असते. नर आणि मादी आळीपाळीने पाटात पोटाची पिसं भिजवून येत आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसत; दुर्बिणीतून पिसांच्या टोकाला लोंबणारा थेंबसुद्धा दिसे.

पुढच्या रविवारच्या आत कोणीतरी त्या तुकड्याचा फोटो नकाशावरच्या खुणेसकट सगळीकडे पाठवला. मी पोचले तेव्हा रस्त्याकडेला गाड्यांची रांग होती आणि कॅमेरे घेतलेली माणसं खळग्याभोवती पालथी पडली होती. दोन्ही टिटव्या त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होत्या आणि तो आक्रोश चांगली 'ॲक्शन' म्हणून टिपला जात होता. मी उठायला सांगितलं तर उत्तर आलं, "पाचच मिनिटं, मॅडम." एक गट उठला की दुसरा त्याच जागी बसे, आणि ऊन चढत राहिलं. घरट्याला त्रास देणं ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारच ठरते, हेही मी सांगून पाहिलं. गर्दी पांगल्यावर टिटव्या अंड्यांवर परतल्या, पण उबवण्याची मुदत उलटून गेली तरी एकही पिल्लू बाहेर आलं नाही. अखेर त्यांनी घरटं सोडलं आणि कावळ्यांनी अंडी फोडली. शेतमालकांनी मला फक्त एवढंच विचारलं, "ती तुमचीच माणसं ना?"

एके काळी मीच हिरिरीने वाद घालत असे, की पक्षी पाहिल्याशिवाय माणसाला त्याची काळजी वाटणार नाही आणि जाहीर नोंद नसलेली जागा वाचवता येणार नाही. तेव्हाच्या त्या बाईला मी आजही खोडून काढू शकत नाही. काही संवेदनशील पक्ष्यांच्या नेमक्या जागा ई-बर्ड ही पक्षीनोंदींची वेबसाइट स्वतःहून झाकून ठेवते, पण सर्रास दिसणाऱ्या टिटवीला तो आडोसा नाही, म्हणून तो मी माझ्या परीने देते. त्याची किंमतही मला ठाऊक आहे. त्याच रानाशेजारच्या माळावर प्लॉटिंग सुरू झालं, मुरूम पसरला, तेव्हा तिथे डोंबारी चंडोल आणि टिटवीची वीण होते हे दाखवायला एकही जाहीर नोंद नव्हती. सगळं माझ्या वहीत होतं, आणि वही मी कोणाला दाखवलेली नव्हती.

आता अशा रानांच्या नोंदी मी पिल्लं उडती झाल्यावर टाकते. तुम्हाला तो उशीर वाटतो, आणि माळ वाचवायचा असेल तर तो उशीरच आहे. पण यंदा त्या रानाचं लोकेशन मागाल, तर मला आधी शेतमालकांना विचारावं लागेल, आणि त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.