आमची वाटचाल : दुसऱ्या कंपनीची वाट पाहणारा व्यवसाय

आमची फर्म फोन दुरुस्त करते आणि दुरुस्तीचेच काम करणाऱ्या इतर व्यावसायिकांना सुटे भाग पुरवते. स्मार्टफोन कंपन्यांच्या चढाओढीकडे बहुतेक जण जाहिराती आणि विक्रीच्या आकड्यांमधून पाहतात; आम्हाला ती फोनच्या पोटात दिसते, गोंदाच्या जातीत, स्क्रूच्या डोक्यात आणि फ्लेक्सच्या, म्हणजे आतल्या लवचीक जोडपट्टीच्या, वळणात. या वाटचालीत आमच्या खरेदीचे एक सूत्र हळूहळू पक्के होत गेले. एखादी नवी कल्पना एका कंपनीने आणली म्हणून तिच्यासाठी यंत्र किंवा साठा घ्यायचा नाही; तीच कल्पना तिच्या प्रतिस्पर्ध्याने उचलली की मग घ्यायचा. हे सूत्र कसे घडले आणि त्याने आम्हाला कुठवर आणले, ते येथे लिहीत आहे.

आम्ही काम सुरू केले तेव्हा बटणांच्या फोनचा जोर होता आणि प्रत्येक कंपनीचा संसार निराळा होता. नोकियाची चार्जिंग पिन बारीक आणि गोल, सोनी एरिक्सनची रुंद आणि चपटी, सॅमसंगची आणखी वेगळी. सरकत्या फोनची फ्लेक्स घडी पडून पडून तुटे, कीपॅडखालच्या घुमट्या बसून जात, माइकमध्ये धूळ साचे. मागचे झाकण नखाने निघे, बॅटरी हाताने निघे आणि एका स्क्रूड्रायव्हरच्या संचावर बहुतेक कामे होत. कपाट मात्र मोठे लागे, कारण एका मॉडेलचा भाग दुसऱ्याला चालत नसे.

९ जानेवारी २००७ रोजी ॲपलने आयफोन दाखवला आणि जूनच्या अखेरीस तो विक्रीला आला. त्याने आमच्या कामात लगेच काहीच बदलले नाही. बदल सुरू झाला तो इतरांनी त्याला उत्तर द्यायला घेतल्यावर. ती पहिली उत्तरे मुद्दाम आठवावीत अशी आहेत, कारण कोणाला काय सोडवत नव्हते हे त्यांतून कळते. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, ऑक्टोबर २००८ मध्ये आला तेव्हा त्याच्या पडद्यामागे सरकवून उघडणारा कीबोर्ड होताच. ब्लॅकबेरीने त्याच वर्षाच्या अखेरीस आणलेल्या स्टॉर्ममध्ये अख्खा पडदाच बटणासारखा खाली दाबला जाई. नोकियाच्या ५८०० ला टच होता, पण तो रेझिस्टिव्ह जातीचा, म्हणजे बोटाच्या स्पर्शाऐवजी दाब ओळखणारा होता. तिन्ही कंपन्यांकडे कुशल माणसे होती आणि तिघींनीही आपल्या जुन्या सवयीला नवा पडदा जोडून पाहिला. २०१० मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस आला तेव्हा मात्र वाद संपल्यासारखा वाटला, कारण आता दोन तुल्यबळ कंपन्या एकाच आकाराच्या काचेच्या पाटीवर आल्या होत्या.

त्यानंतर फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरून आपली सिम्बियन ही कार्यप्रणाली मागे टाकण्याचे ठरवले, २०१४ मध्ये तिचा फोनचा व्यवसायच मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि २०१६ मध्ये ब्लॅकबेरीने स्वतः फोन बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. आमच्या कपाटातील कीपॅड आणि सरकत्या फ्लेक्स त्याच्या कितीतरी आधीच मागणीतून गेल्या होत्या. त्यांच्या जागी काच आली. दुरुस्तीच्या व्यवसायाचे केंद्र दहा लहान बिघाडांवरून एका मोठ्या बिघाडावर सरकले, आणि त्या बिघाडाला कंपनी बदलल्याने काही फरक पडत नव्हता, कारण पडल्यावर सगळेच फोन सारखेच फुटतात.

फुटलेली काच बदलणे म्हणजे नेमके काय, हे ग्राहकाला क्वचितच ठाऊक असते. वरची काच, टच आणि डिस्प्ले हे थर पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. केवळ वरची काच बदलायची असेल तर पॅनेल तापत्या पट्टीवर ठेवून, केसाइतकी बारीक धातूची तार काच आणि डिस्प्ले यांच्यामधून सावकाश ओढावी लागते, उरलेला गोंद पुसून नवी गोंदाची फिल्म लावावी लागते आणि शेवटी दाबयंत्रात ठेवून बुडबुडे काढावे लागतात. तार तिरकी गेली की डिस्प्लेवर रेघ उमटते आणि पूर्ण कॉम्बोच, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र संचच, बदलावा लागतो. हे तंत्र हाती बसत असतानाच सॅमसंगने २०१४ च्या नोट एजमध्ये आणि पुढच्या वर्षी एस ६ एजमध्ये वक्र कडांचा पडदा आणला. सरळ तार वक्र काचेखालून नेणे फार जिकिरीचे असते आणि त्यासाठी वेगळे साचे लागतात. आम्ही ते साचे घेतले नाहीत. हुआवे, विवो, ओप्पो, वनप्लस यांच्या महागड्या फोनवर वक्र कडा दिसू लागल्या तेव्हा घेतले आणि ते चांगले वापरलेही गेले. पुढे २०२४ मध्ये सॅमसंगने स्वतःच एस २४ अल्ट्राचा पडदा सपाट केला. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने कल्पना उचलली याचा अर्थ ती उत्तम ठरली असा होत नाही. ती काही वर्षे टिकेल आणि तेवढ्यात यंत्राची किंमत वसूल होईल, एवढाच होतो. छोट्या फर्मला एवढे पुरते.

बोटाच्या ठशाची गोष्ट या सूत्राचा सर्वांत स्पष्ट नमुना आहे. मोटोरोलाच्या ॲट्रिक्सला २०११ मध्येच ठसा ओळखणारा सेन्सर होता, पण दुसऱ्या कोणी तो मनावर घेतला नाही आणि तो विषय मागे पडला. सप्टेंबर २०१३ मध्ये ॲपलने तो आयफोन ५ एसच्या होम बटणात बसवला, सॅमसंगने पुढच्याच वर्षी एस ५ मध्ये आणला आणि मग ठशाविना फोन ही कल्पनाच जुनी झाली. २०१८ मध्ये विवोने हा सेन्सर थेट पडद्याखाली नेला. पडद्याखालचा ऑप्टिकल सेन्सर बोटावर पडद्याचाच उजेड पाडतो आणि परतलेला उजेड डिस्प्लेच्या थरांमधून वाचतो. म्हणून तो स्वतः उजळणाऱ्या ओएलईडी पॅनेलखाली चालतो, पण एलसीडीला मागून उजेड देणाऱ्या बॅकलाइटमागे आंधळा होतो. आमच्याकडे आजही असे फोन येतात ज्यांच्यावर आधी कुठेतरी स्वस्तातला एलसीडी कॉम्बो बसवलेला असतो. पडदा उत्तम दिसतो, टच चालतो, फक्त ठसा लागत नाही, आणि सेन्सर बिघडला असे सांगून ग्राहकाला परत पाठवलेले असते. अशा फोनला सेन्सर लागत नाही, योग्य जातीचे पॅनेल लागते, आणि ते बसवल्यावर ठशाचे कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची नव्या पडद्याशी जुळणी, करावे लागते. विवोच्या पाठोपाठ इतर कंपन्यांनी हे तंत्र घेतले, तेव्हा आम्ही या कॅलिब्रेशनची साधने घेतली.

याच काळात या कंपन्या न्यायालयातही भांडत होत्या. ॲपलने एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगवर नक्कल केल्याचा दावा लावला, ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने ॲपलला १०० कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले आणि जून २०१८ मध्ये तडजोडीने मिटले. या भांडणाच्या सुरुवातीच्या वर्षांत आयफोन उघडला की आत बसलेला मुख्य प्रोसेसर सॅमसंगच्याच कारखान्यात तयार झालेला असे, आणि २०१७ च्या आयफोन टेनचा ओएलईडी पडदाही सॅमसंगनेच पुरवला होता. कॅमेऱ्याचे सेन्सर तर सोनी एकमेकांच्या अनेक प्रतिस्पर्ध्यांना विकते. बाहेरून ज्यांचे वैर दिसते त्यांचा पुरवठादार आतून एकच असतो. म्हणूनच आम्ही साठ्याची मांडणी ब्रँडनुसार करणे सोडले आणि पॅनेलची जात, कनेक्टर आणि आयसी (चिप) यांच्यानुसार करू लागलो. जागा कमी लागू लागली, आणि एखाद्या कंपनीचे दिवस फिरले तरी साठा अडकून पडण्याचे प्रमाण घटले.

नक्कल करण्याआधी थट्टा करण्याची या धंद्यात जुनी रीत आहे. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक काढून टाकले, तेव्हा गूगलने आपल्या पहिल्या पिक्सेलच्या जाहिरातीत त्यावर टोमणा मारला आणि दुसऱ्याच वर्षी पिक्सेल २ मधून ते काढले. सॅमसंगनेही थट्टा केली आणि २०१९ च्या नोट १० मध्ये ते गाळले. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये एस २१ च्या खोक्यातूनही गेला. हेडफोन जॅकची दुरुस्ती हे आमचे नियमित काम होते, ते आटले. चार्जिंग पिनचे काम त्याच प्रमाणात वाढले, कारण आता एकाच भोकावर सारा भार आला. उलट, एलजीने २०१६ मध्ये खालचा भाग ओढून बॅटरी आणि इतर जोडण्या बदलता येणारा जी ५ आणला. दुरुस्तीवाल्याच्या नजरेतून तो मनापासून आवडावा असा फोन होता, पण मोठ्यांपैकी कोणी त्या वाटेने गेले नाही, म्हणून आम्हीही गेलो नाही. एप्रिल २०२१ मध्ये एलजीने स्मार्टफोन बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले, याचे मला आजही वाईट वाटते.

बॅटरीच्या बाबतीत चढाओढ आम्हाला सर्वांत जवळून जाणवली. फोन बारीक आणि पाण्यापासून सुरक्षित करण्याच्या शर्यतीत काढता येणारे झाकण गेले आणि बॅटरी गोंदाने आत बसली. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेला नोट ७ आगी लागू लागल्याने परत मागवावा लागला आणि ऑक्टोबरमध्ये बंद झाला. सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये दिलेल्या खुलाशानुसार एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातील इलेक्ट्रोड वाकत होता, तर बदली म्हणून आलेल्या दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगची टोके बॅटरीच्या आतल्या विभाजक पापुद्र्याला भोक पाडत होती. हा खुलासा आम्ही आमच्या कारागिरांना बसवून समजावला, कारण चिकटलेली बॅटरी धातूच्या पातीने उचकटण्याचा मोह कामाच्या घाईत होतोच. तेव्हापासून आमच्याकडे आधी गरम करणे, मग ओढपट्टी किंवा प्लास्टिकची पाती, आणि वाकलेली बॅटरी पुन्हा न बसवणे, हा क्रम मोडता येत नाही.

चार्जिंगच्या वेगातही दोन पंथ पडले. फोनच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमच्या पद्धतीत व्होल्टेज वाढवून वीज आत आणली जाई आणि ते उतरवण्याचे काम, म्हणजेच उष्णताही, फोनच्या आत होई. ओप्पोने २०१४ मध्ये वूक या आपल्या चार्जिंग पद्धतीत व्होल्टेज कमी ठेवून करंट वाढवला आणि उष्णतेचा मोठा वाटा चार्जरमध्येच ठेवला. त्यासाठी पिनमध्ये जास्तीचे संपर्क लागत. अशा फोनला साधी मायक्रो यूएसबी पिन बसवली की फोन चार्ज होतो, पण सावकाश, आणि ग्राहक चार दिवसांनी बॅटरीची तक्रार घेऊन येतो. सगळ्या कंपन्या यूएसबी-सीवर आल्यावर, आणि युरोपीय संघाने सक्तीचा कायदा केल्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ नेही तीच पिन घेतल्यावर, आमचा हा कप्पा एकदम आटोपशीर झाला.

सॉफ्टवेअरच्या कुलपाने मात्र आम्हाला खऱ्या अर्थाने अडवले. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये ॲपलच्या अधिकृत केंद्राबाहेर पडदा बदलला की चेहरा ओळखणे बंद पडे. ते चालू ठेवायचे तर जुन्या पडद्यावरची एक बारीकशी आयसी मायक्रोस्कोपखाली हॉट एअरने उचलून नव्या पडद्यावर बसवावी लागे. टीका झाल्यावर ॲपलने ही अट सॉफ्टवेअरमधून काढत असल्याचे सांगितले. एप्रिल २०२२ मध्ये तिने ग्राहकांना सुटे भाग आणि माहिती देण्याची योजना सुरू केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅमसंगनेही तसेच केले. दुरुस्तीची सोय हीसुद्धा प्रतिस्पर्ध्याकडे पाहून उचलण्याची गोष्ट झाली, हे आमच्यासाठी अनपेक्षित होते. छापील दुरुस्ती-पुस्तिका समोर ठेवून काम करण्याची सवय आमच्या नव्या मुलांना त्यानंतर लागली. त्यापूर्वी आम्ही एकमेकांच्या अनुभवावर आणि अंदाजावर चालत होतो.

याहून मोठा फरक पाडला तो सात वर्षांच्या अपडेटने. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी तसे आश्वासन दिले आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस २४ साठी तेच दिले. पूर्वी तीन वर्षे जुना फोन घेऊन आलेला माणूस खर्च ऐकून नवा फोन घ्यायला निघून जाई, आणि त्याचे चुकत नसे. आता त्याच वयाच्या फोनला आणखी चार वर्षे सुरक्षा मिळणार असते, त्यामुळे नवी बॅटरी आणि नवा पडदा यांचा हिशेब जुळतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळत राहिले पाहिजेत. आमच्या फर्मने जुन्या मॉडेलांच्या बॅटऱ्यांचा स्वतंत्र विभाग काढला तो या बदलांच्या भरवशावर.

घडीच्या फोनविषयी थोडक्यात. सॅमसंगचा पहिला फोल्ड एप्रिल २०१९ मध्ये परीक्षकांच्या हातातच बिघडला आणि सुधारून सप्टेंबरमध्ये आला. पुढे हुआवे, ओप्पो, गूगल अशा अनेकांनी घडीचे फोन काढले. सूत्राप्रमाणे आम्ही बिजागरीची साधने घेतली, परंतु आतला लवचीक पडदा आम्ही सुटा बदलत नाही, फ्रेमसकट बदलतो, कारण त्या थराखाली गेलेला धुळीचा एक कण पुढे फुगवटा होऊन बसतो.

सध्या आमचे लक्ष सिलिकॉन-कार्बन बॅटरीकडे आहे. ऑनरने २०२३ मध्ये चीनमधल्या मॅजिक ५ प्रोमध्ये ती आणली, आणि शाओमी, वनप्लस अशा इतर चिनी कंपन्यांनी ती पाठोपाठ घेतली. नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉनमध्ये अधिक लिथियम मावते, म्हणून त्याच जाडीत जास्त क्षमता मिळते. पण चार्ज होताना सिलिकॉन फुगते आणि ते आवरणे हेच या रसायनाचे खरे कसब आहे. बदली म्हणून येणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये ते कसब कितपत उतरले आहे, हे वेष्टनावरून कळत नाही. त्यामुळे या बॅटऱ्यांची खरेदी आम्ही सुरू केली आहे, पण प्रत्येक नव्या खेपेतल्या काही बॅटऱ्या पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून त्यांची जाडी कॅलिपरने मोजतो आणि ती मर्यादेत राहिली तरच उरलेली खेप ग्राहकांच्या फोनसाठी मोकळी करतो.