एअर रायफलचा स्कोप : १० मीटरवरून २५ मीटरवर

०.१७७ इंची छर्रा मारणाऱ्या स्प्रिंगच्या एअर रायफलवर ३-९×४० स्कोप (३ ते ९ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची नेमाची दुर्बीण) बसवून १० मीटरवरचा नेम मागच्या टप्प्यात जुळवला होता; या वेळी तोच नेम २५ मीटरवर तपासला.

१० मीटरवर छिद्र बरोबर केंद्रात पडावे, असा माझा आग्रह नसतो. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापेक्षा ४५ मिलिमीटर उंच असल्यामुळे छर्रा निघतो तोच नजरेच्या रेषेखालून. वर चढताना तो ती रेषा एकदा ओलांडतो आणि पुढे खाली येताना दुसऱ्यांदा. सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने सुटणाऱ्या ८ ग्रेनच्या (सुमारे अर्ध्या ग्रॅमच्या) छऱ्याचा हिशेब मांडला, तर २५ मीटरवर नेम जुळलेली रायफल १० मीटरवर सुमारे ३ मिलिमीटर खाली आणि १८ मीटरच्या आसपास ८-९ मिलिमीटर वर मारते. म्हणून जवळच्या कागदावर केंद्राखाली ३ मिलिमीटरवर पेन्सिलीने बारीक ठिपका काढायचा, पाच छऱ्यांच्या गटाचा मध्य तिथे आणायचा आणि मगच कागद मागे न्यायचा. स्कोपच्या खटक्याचा पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० यार्डांवर सुमारे ७ मिलिमीटर सरकवतो, पण १० मीटरवर जेमतेम ०.७, तेव्हा गट २ सेंटीमीटर खाली असेल, तर २७-२८ क्लिक फिरवताना कचरू नये.

२५ मीटरवर उंची अपेक्षेप्रमाणे जुळली, मात्र गट ३ मिलिमीटर डावीकडे पडला. हवा स्थिर होती, त्यामुळे आधी भिंतीवर ओळंबा सोडून स्कोपची उभी रेषा तपासली. ती दोरीशी तंतोतंत जुळत होती. मग मोजमाप घेतले, तेव्हा स्कोप नळीच्या सुमारे २ मिलिमीटर डावीकडे बसलेला आढळला. अशा वेळी आडव्या दिशेत नळीची आणि नजरेची रेषा १० मीटरवर एकमेकींना छेदतात आणि पुढच्या १५ मीटरांत ३ मिलिमीटर फाकतात, म्हणजे कागदावर दिसलेला फरक नेमका याच अंतराचा होता. तूर्त २ क्लिक उजवीकडे देऊन गट मध्यावर घेतला आहे. रिंगा (स्कोप रायफलवर धरणारी कडी) बदलून स्कोप मध्यावर आणणे हाच खरा उपाय आहे.

स्कोपवरचे पॅरलॅक्सचे कडे निशाणाच्या अंतरावर आणल्याशिवाय मी एकही छर्रा मोजत नाही, कारण तसे न केल्यास डोळा किंचित हलला तरी क्रॉस कागदावर सरकताना स्पष्ट दिसतो. स्प्रिंगच्या रायफलला आवळून धरणेही टाळावे. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता टेकवला, तर तिचा दुहेरी धक्का दर वेळी सारखा बसतो आणि गट घट्ट राहतो. निशाणामागे चिकणमाती भरलेला जाड पत्र्याचा खोका आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण छर्रा टणक पृष्ठभागावरून उलटून येऊ शकतो.

पुढच्या टप्प्यात नव्या रिंगा बसवून १०, १८ आणि २५ मीटरचे गट एकाच बैठकीत घेणार आहे.