गुणिले शंभर: स्टुटगार्टमधला घरखर्च

जर्मनीत नवीन आलेला मराठी माणूस सुपरमार्केटात लगेच ओळखू येतो. हातात फ्लॉवरचा गड्डा आणि ओठ पुटपुटतायत. अडीच युरो गुणिले शंभर, म्हणजे अडीचशे रुपये. एका फ्लॉवरला! गड्डा परत जागेवर जातो. तोच माणूस घरी येऊन हीटरचा कान पाचावर पिरगाळतो, खिडकी तिरकी उघडी ठेवतो आणि जानेवारीच्या थंडीत टी-शर्टवर बसून मॅगी खातो. पुढच्या वर्षी हीटिंगचा हिशेब हातात पडला की त्याला कळतं, वर्षभर दररोज फ्लॉवर आणला असता तरी परवडलं असतं.

माझं स्पष्ट मत आहे की इथे आल्यावर पहिले दोन-तीन पगार झाले की हा गुणाकार बंद करावा. तो पैसे वाचवत नाही, फक्त चुकीच्या जागी कंजूष करतो.

आमच्या स्टुटगार्टमध्ये मराठी माणसांना तोटा नाही. मर्सिडीजचा कारखाना चाकणला, बॉशचा नाशिकला, आणि दोन्ही कंपन्यांचं मूळ इथलं, त्यामुळे चाकण-नाशिकहून इकडे येणं-जाणं चालूच असतं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत हे मात्र इथे येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. आणि ज्यांच्यात आपण येऊन राहतो ते श्वाबी, म्हणजे या भागातले मूळ लोक, काटकसरीसाठी जर्मनीभर प्रसिद्ध. बाकीचे जर्मन त्यांच्यावर विनोद करतात, जसे आपल्याकडे पुणेकरांवर होतात. फरक एवढाच की श्वाबी माणूस ते विनोद स्वतःच रंगवून सांगतो.

तर हिशेब कसा करायचा? तासात. २०२५ मध्ये जर्मनीत किमान वेतन होतं तासाला १२.८२ युरो. कर आणि विमा कापून हातात नऊच्या आसपास पडतात असं धरा. त्या नऊ युरोत दोन लिटर दूध, किलोभर पीठ, किलोभर कांदे, बटाटे, कोबीचा गड्डा आणि अर्धा किलो क्वार्क (दह्यासारखं मऊ ताजं चीज) सहज येतं. एका तासाच्या मजुरीत, आणि तीही सर्वांत कमी दराच्या. आपल्याकडे घरकाम करणाऱ्या बाईला एका तासाच्या पैशात एवढी पिशवी भरता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. म्हणजे फ्लॉवर महाग नाही. महाग आहे तो माणसाचा हात.

केस कापायला जा, नळ गळतोय म्हणून प्लंबर बोलवा, किल्ली आत राहिली म्हणून रविवारी रात्री कुलूपवाल्याला फोन करा, मग कळतं. म्हणून इथे आमचे अहो मुलाचे केस मशिनने कापतात, मी सायकलचं पंक्चर काढते आणि कपाट जोडायचं म्हटलं की दोघं मिळून स्क्रू मोजत बसतो. नाशिकला असताना आमच्या घरी धुणं-भांड्याला एक, पोळ्यांना एक अशा दोन बायका येत. त्या काळातलं आमचं बजेट मी आता आठवते तेव्हा ते जितकं स्वस्त वाटायचं तितकं वाटत नाही. आमच्या सोयीची बरीचशी किंमत त्या दोघी कमी पगाराच्या रूपात भरत होत्या. हे लिहिलं की गावाकडून कुणीतरी म्हणणार, ‘परदेशात गेल्यावर शहाणपण सुचलं!’ म्हणा बापडे. भांडी घासणाऱ्या यंत्राने मात्र आमच्या घरातली अर्धी भांडणं मिटवली, हेही तितकंच खरं.

पगाराचा सर्वांत मोठा घास घेतं ते घर. इथे भाडं दोन प्रकारचं सांगतात, ‘थंड’ आणि ‘गरम’. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. त्यावर पाणी, कचरा, जिन्याची वीज, हीटिंग असे खर्च चढले की ते गरम होतं, आणि घरातली वीज-इंटरनेट त्याहून वेगळंच. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढं. बरीच भाड्याची घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. नुसता ओटाच नाही असं नव्हे, सिंकसुद्धा नाही! भिंतीतून नळाची तोंडं तेवढी बाहेर आलेली. मग आधीच्या भाडेकरूकडून त्याचं स्वयंपाकघर विकत घ्यायचं, नाहीतर जुन्या सामानाच्या साइटवर शोधायचं. शिवाय घरात टीव्ही असो वा नसो, घरामागे महिन्याला १८.३६ युरो सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे. यातून सुटका नाही, तेव्हा कुरकुर करण्यात वेळ घालवू नये.

हीटिंगमध्ये मात्र खरी बचत आहे. हीटरच्या कानावरचे आकडे वेगाचे नसतात, तापमानाचे असतात. तीनवर ठेवलं की खोली साधारण वीस अंशांवर जाते आणि थांबते. पाचावर ठेवल्याने ती लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवायची नाही. सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, समोरासमोरच्या दोन असतील तर उत्तम, आणि मग घट्ट लावायची. ओली हवा बाहेर, भिंतीतली ऊब आत. आपल्या स्वयंपाकाची वाफ, भात, कुकरच्या शिट्ट्या यांमुळे हे आपल्याला जर्मनांपेक्षा जास्त गरजेचं. नाहीतर कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घर सोडताना मालक ती डिपॉझिटमधून वसूल करायला बघतो. फोडणी द्यायच्या आधी कोट टांगलेल्या खोलीचं दार लावायचं, हा आमच्या घरचा जास्तीचा नियम. मोहरी-हिंगाचा वास ट्रॅममध्ये सोबत नेण्याची माझी हौस फिटली आहे.

आता बाजार. इथल्या दुकानात किमतीच्या चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो. तो छापायचा कायदाच आहे. मोठ्या अक्षरांकडे बघायचंच नाही, बारीक बघायची. ‘फॅमिली पॅक’ कित्येकदा छोट्यापेक्षा महाग पडतो, ते तिथे उघडं पडतं. आल्डी-लिडलसारख्या स्वस्त सुपरमार्केटांत दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल घ्यायचा. बाकी दूध ते दूध आणि मीठ ते मीठ. बाटल्या फेकायच्या नाहीत. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली आणि पेयाचा पत्र्याचा डबा यांवर २५ सेंट अनामत असते, काचेच्या बिअरच्या बाटलीवर बहुधा ८. दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी येते आणि बिलातून पैसे वजा होतात. शहरात लोक रिकाम्या बाटल्या कचराकुंडीत न टाकता शेजारी उभ्या करून ठेवतात. त्या गोळा करून चार पैसे मिळवणारी म्हातारी माणसं असतात, आणि श्रीमंत देशातलं ते दृश्य पाहिलं की आपले बरेच समज गळून पडतात. रविवारी दुकानं बंद. स्टेशनवरची थोडी आणि सकाळी बेकरी, बस्स. मला हे बंधन आवडतं. उगीच दुकानात जाणं बंद होतं, आणि शनिवारी संध्याकाळी कढीपत्ता संपल्याचं लक्षात आलं तर सोमवारपर्यंत त्याच्यावाचून जगता येतं.

पाणी नळाचंच प्यायचं. स्टुटगार्टला बरंचसं पाणी बोडेनझे सरोवरातून येतं आणि उत्तम असतं. तरी शेजारीपाजारी बुडबुड्यांच्या पाण्याचे क्रेट जिने चढवत असतात. काटकसरीच्या बाबतीत हा श्वाबी माणसाचा आंधळा कोपरा म्हणायचा.

खाण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण ‘तिकडे तुम्ही खाता तरी काय?’ हा प्रश्न अजून संपलेला नाही. भारतीय दुकानात आठवड्याचा बाजार करणं हा पैसे घालवायचा सर्वांत छान रस्ता. ताजी भेंडी तिथे सोन्याच्या भावात असते आणि विमानप्रवासाने दमलेली असते. खरं दुकान तुर्कांचं. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार इथे आले, आणि त्यांच्या पोटासाठी आलेल्या मालावर आज आपलंही पोट भरतं. कोथिंबिरीची दांडगी जुडी, हिरव्या मिरच्या, वांगी, छोले, मसुराची डाळ, रवा, लापशीच्या जागी चालणारा बुलगुर, आणि फ्रीजरमध्ये बोटाएवढी कोवळी भेंडी. ती फोडणीत परतली तर भाजी छान होते, मात्र झाकण ठेवायचं नाही.

पोळ्यांसाठी दहा किलोचा आटा वाहून आणायलाच हवा असं नाही. इथे पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरेल, तो हा आकडा. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा. नुसत्या कोंड्यासकट दळलेल्या पिठाची पोळी तुटते, कारण दळण भरड असतं. निम्मं ते आणि निम्मं ५५० घेतलं, कोमट पाण्यात मळून अर्धा तास ठेवलं, की पोळी फुगते. मऊपणात गावच्या सिहोरी गव्हाची सर नाही, पण डब्यात संध्याकाळपर्यंत टिकते.

नवलकोल इथे ढिगाने मिळतो. जर्मन लोक तो कच्चा चिरून खातात किंवा पांढऱ्या सॉसमध्ये बुडवतात. हरभऱ्याची डाळ घालून केलेली भाजी त्यांना चाखवली तर पुन्हा मागतात. पाडव्याचं श्रीखंड क्वार्कचं. बिनस्निग्धांशाचं घेतलं तर खडूसारखं लागतं, म्हणून ४० टक्क्यांचं घ्यायचं, रात्रभर फडक्यात टांगायचं आणि आंबटपणासाठी दोन-चार चमचे साधा चक्का मिसळायचा. पिठीसाखर, वेलची, केशर. जाणकार सासूबाईंनी ‘चितळ्यांचं नाही, पण खोटंही नाही’ असा शेरा दिला. मी तो प्रमाणपत्र म्हणून धरते.

आणि मसूर. स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाचं चुनखडीचं पठार आहे. तिथे पूर्वी मसूर पिकायची. गेल्या शतकाच्या मध्यानंतर ती शेती बंद पडली आणि स्थानिक वाणांचं बियाणंही हरवलं. २००६ साली ते रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात सापडलं आणि आल्बवर पुन्हा पेरणी सुरू झाली. ‘आल्ब-लाइझा’ नावाने ही मसूर विकतात. तुर्की दुकानातल्या डाळीच्या कितीतरी पट महाग. तरी पाहुणे आले की मी हीच घेते आणि सांगली-कराडकडच्या ढाब्यांवर करतात तसा अख्खा मसूर करते. श्वाबी लोक मसूर स्पेत्स्ले नावाच्या शेवयांसोबत खातात आणि वरून व्हिनेगर टाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नाक मुरडलं नाही. आमटीत आमसूल टाकणाऱ्यांनी मुरडूही नये.

त्यांची संध्याकाळची थंड जेवणं मात्र मला मान्य नाहीत. पाव, चीज, काकडी, झालं. स्वस्त आहे, भांडी पडत नाहीत, सगळं खरं. पण हिवाळ्यात बाहेर पाच वाजता अंधार पडलेला असताना गरम पिठलं-भात नसेल तर तो दिवस संपल्यासारखा वाटत नाही. बेसनाचा खर्च तो किती!

खालच्या मजल्यावरच्या आजींकडून मी खूप शिकले. आमच्या दारावर ठराविक आठवड्यांनी एक पाटी येऊन लटकते, म्हणजे जिना झाडण्याची पाळी आपली. पहिल्या वेळी आजी स्वतः वर आल्या आणि कोपरे कसे पुसायचे ते दाखवून गेल्या. त्यांचा मिक्सर माझ्याहून वयाने मोठा असावा. त्या सप्टेंबरात आलुबुखारांसारख्या निळ्या फळांचा जॅम करतात आणि बरण्या परत मागतात. मुलाचे कपडे, स्कीचे बूट, गोष्टींची पुस्तकं आम्ही बालवाड्यांच्या जुन्या सामानाच्या बाजारातून घेतो. रस्त्याकडेला ‘फुकट न्या’ लिहिलेली खोकी ठेवलेली असतात. त्यातून वस्तू उचलताना आजूबाजूला बघायची आपली सवय जायला वेळ लागतो. इथे डॉक्टरीणबाईसुद्धा वाकून बघतात.

आता ज्यांची मुलं-सुना इकडे आहेत आणि जे उन्हाळ्यात येणार आहेत त्यांच्यासाठी. बॅगेत तांदूळ, रवा, हरभरा डाळ, साखर भरू नका. ते इथे मिळतं, आणि तुमचे २३ किलो मोलाचे आहेत. पेढे, बर्फी, तूप यांसारखे दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात आणायला बंदी आहे. ताज्या आंब्यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा हापूसची पेटीही नको. ‘आमच्या शेजाऱ्यांनी आणली होती, कुणी काही म्हटलं नाही’ हे मला सांगू नका. विमानतळावर कचऱ्यात पडलेला हापूस बघवत नाही. आणायचंच तर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि एक चांगली किसणी आणा. इथली किसणी खोबऱ्याचा चुरा करते. आणि पोह्यांचे पापड वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा, म्हणजे अख्खे पोचतील.