घडल्याची वेळ आणि नोंदवल्याची वेळ : माझा अनुभव

सांगली जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अपघात विभागात मी परिचारिका आहे. केसपेपर बंद होऊन सर्व नोंदी संगणकावर सुरू झाल्या, त्या पहिल्याच पावसाळ्यातील हा अनुभव आहे.

बांधावर वैरण कापताना घोणस चावलेल्या एका शेतमजुराला रात्री ८:४० वाजता आमच्याकडे आणले. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवली. नळी तिरकी करताच रक्त न गोठता पाण्यासारखे वाहिले, म्हणून ९:२५ वाजता सर्पविषावरील प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या. माझे हात मोकळे झाले ११:४० ला, आणि तेव्हा मी सर्व नोंदी एकापाठोपाठ एक भरल्या. पडद्यावर चाचणी, प्रतिविष, रक्तदाब असे सगळे ११:४० लाच घडल्याचे दिसू लागले. बारानंतर ड्युटीवर आलेल्या डॉक्टरांनी त्यावरून प्रतिविषानंतरचे सहा तास मोजले आणि रक्त गोठण्याची पुढची चाचणी पहाटे ५:४० ला लिहिली. ती ३:२५ लाच व्हायला हवी होती. सलाइनच्या बाटलीवरील चिकटपट्टीवर मी मार्करने ९:२५ लिहून ठेवले होते, ते त्यांना दाखवले, म्हणून सव्वादोन तासांचा उशीर टळला.

सकाळी मी लेखी अर्ज दिला. तीन आठवड्यांनी सॉफ्टवेअरचे अभियंते आले, आणि त्यांच्याशी बोलताना कळले की आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही केंद्र सरकारची डिजिटल आरोग्य नोंदींची योजना आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या ज्या ‘फायर’ (FHIR) मानकावर चालते, त्यात निरीक्षण प्रत्यक्ष कधीचे आहे आणि ते कधी उपलब्ध झाले, यांसाठी दोन वेगळ्या जागा आहेतच. आमच्या फॉर्मने पहिल्या जागी ‘सेव्ह’ दाबल्याची वेळ परस्पर भरली होती. आता ‘घडल्याची वेळ’ आम्ही भरतो. ‘नोंदवल्याची वेळ’ संगणक भरतो आणि ती कोणालाही बदलता येत नाही, हे मला फार योग्य वाटते.

खरी अडचण पुढे आली. नातेवाईक सांगतात, “ताई, दिवेलागणीला चावला.” तिथे ७:०० असे लिहिणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे होय. त्यामुळे ६:४५ ते ७:१५ असा कालावधी लिहिण्याची सोय आम्ही मागून घेतली, आणि नातेवाइकांचे शब्दही शेजारच्या रकान्यात तसेच ठेवतो.

जुन्या आजारांचे तर आणखी वेगळे. आमच्याकडे “साखर महापुराच्या साली निघाली” असे सांगणारे पुष्कळ जण येतात. मग २००५ चा की २०१९ चा, हे विचारावे लागते. त्या मानकात नुसते वर्ष किंवा वर्ष आणि महिना एवढेच लिहिले तरी चालते, परंतु आमचा फॉर्म दिवस भरल्याशिवाय पुढे सरकत नव्हता. परिणामी कित्येकांचा मधुमेह १ जानेवारीलाच सुरू झाल्याची नोंद झाली. फॉर्म सुधारला, तरी त्या जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत. रुग्ण पुन्हा तपासणीला आला की मी त्याच्या यादीतील १ जानेवारी शोधते, त्याला नीट विचारते आणि जेवढे त्याला आठवते तेवढेच लिहिते. काल एका आजींच्या नोंदीत फक्त ‘२०१९’ उरले.