दहापैकी अकरा

"युरोपियन संसदेवर लोकांचा भलताच विश्वास आहे! सरासरी अकराच्या वर येतेय."

इंग्लंडमधल्या विद्यापीठात मी समाजशास्त्राच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. कॉम्प्युटर लॅबमधला तास, दुसरं वर्ष, आणि हे वाक्य एका विद्यार्थिनीचं. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन विचारलं, "पट्टी किती ते किती?"

"शून्य ते दहा."

मग ती गप्प झाली. दोन वेळा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि स्वतःच हसत सुटली.

आमच्या वर्गात युरोपियन सोशल सर्व्हेचा डेटा वापरतात. 2002 पासून दर दोन वर्षांनी होणारी ही पाहणी. संसदेवर, पोलिसांवर, राजकारण्यांवर तुमचा किती विश्वास, याला शून्य ते दहा गुण द्यायचे. ज्यांनी गुण दिले नाहीत त्यांच्यासाठी वेगळे आकडे ठरलेले आहेत : उत्तर द्यायला नकार असेल तर 77, 'माहीत नाही' म्हटलं तर 88, उत्तरच नोंदलेलं नसेल तर 99. आता संगणकाला काय, 88 म्हणजे अठ्ठ्याऐंशी. शंभरातल्या आठ जणांनी 'माहीत नाही' म्हटलं आणि उरलेल्या 92 जणांची सरासरी जेमतेम साडेचार असली, तरी एकूण सरासरी 11 च्या पुढे जाते. म्हणजे ज्यांना काही सांगता आलं नाही, त्यांचाच विश्वास सगळ्यात जास्त!

ही चूक मला मनापासून आवडते. गणित तर सगळं बरोबर असतं, फक्त उत्तराकडे कुणी बघितलेलं नसतं.

इंग्लंडमध्ये बरीच मुलं सोळाव्या वर्षी गणिताला रामराम ठोकतात. पुढची दोन वर्षं साधारण तीनच विषय घ्यायचे असतात, त्यात समाजशास्त्र, इतिहास वगैरे घेतलं की सुटका झाली. मग विद्यापीठात येऊन कळतं की संख्याशास्त्र सक्तीचं आहे. ही उणीव भरून काढायला 2013 मध्ये 'क्यू-स्टेप' नावाचा कार्यक्रम निघाला. 15 विद्यापीठांत केंद्रं आणि 1 कोटी 95 लाख पौंड. इतकं करूनही दर सत्राच्या पहिल्या तासाला तेच वाक्य कानावर येतं, "मला गणित जमत नाही."

सुरुवातीला मीही त्या वाक्यावर विश्वास ठेवला. आपल्याकडे शिकलेली मी. सूत्र, सिद्धता, उदाहरण, पुन्हा सूत्र. पहिलं वर्ष मी फळा भरभरून शिकवलं. सत्र संपता संपता एक शांत मुलगा येऊन म्हणाला, "मी सगळं उतरवून घेतलंय. पण हे कधी वापरायचं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही, ते आजही खुपतं.

तेव्हापासून तिसऱ्या आठवड्यात मी रॉबिन्सनची गोष्ट सांगते. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, 1950 चा लेख. त्याने 1930 ची जनगणना घेतली आणि दर राज्यात परदेशात जन्मलेले किती, निरक्षर किती, हे मांडलं. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते सांगणारा उणे एक ते अधिक एकमधला आकडा, निघाला उणे 0.53. म्हणजे परदेशी जास्त तिथे निरक्षरता कमी. इथे मी थांबते आणि विचारते, मग परदेशातून आलेले जास्त शिकलेले होते का? निम्मे हात वर जातात. त्यानंतर दुसरा आकडा लिहिते. तोच सहसंबंध माणसागणिक काढला तर अधिक 0.12! चिन्हच उलटं. परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच होती. फक्त ती माणसं जिथे स्थायिक झाली, तिथले मूळचे लोक जास्त साक्षर होते. फळ्यासमोर उभी असलेली मीही परदेशातच जन्मलेली, त्यामुळे वर्ग जरा जास्तच लक्ष देऊन ऐकतो. निवडणुकीनंतर 'अमुक भागात अमुक लोक जास्त, म्हणून त्यांनीच अमुक पक्षाला मत दिलं' असं कुणी लिहिलं, की मुलं मला त्या बातम्या पाठवतात.

तिसऱ्या वर्षाच्या प्रबंधाचं मार्गदर्शन हा मात्र वेगळाच उद्योग. तिथे माझं निम्मं काम कात्री चालवायचं. 'सोशल मीडियाचा लोकशाहीवर परिणाम' घेऊन आलेल्याला विचारायचं, कुठल्या देशात, कुठल्या वर्षी, परिणाम मोजणार कशाने, आणि तो प्रश्न पाहणीत विचारलाय का? चौथ्या भेटीपर्यंत विषय मुठीत मावेल एवढा होतो, आणि मुलाचा चेहरा पडतो. हे एवढंच? मार्च उजाडला की दुसरी तक्रार : "पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली येतच नाही, माझा प्रबंध वाया गेला." (प्रत्यक्षात काही संबंध नसताना असा निकाल निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, ते सांगणारा हा आकडा. तो 0.05 च्या खाली आला की संबंध 'दिसला' म्हणतात.) संबंध दिसला नाही, हाही निष्कर्षच असतो, हे मी दर वर्षी सांगते. एकालाही पहिल्या दिवशी पटत नाही. काही जण मग हवा तो आकडा येईपर्यंत हिशेबात धरायचे घटक, म्हणजे व्हेरिएबल, घालत-काढत बसतात. तिथे मात्र मी कडक होते.

ती अकरावाली मुलगी त्या दिवशी तास संपल्यावरही थांबली होती. "88 वाल्यांचं करायचं काय? काढून टाकायचे?"

"बहुतेक जण तेच करतात."

"पण ते कोण आहेत?"

म्हटलं, बघ की. यंदा तिचा प्रबंध त्यावरच आहे. 'माहीत नाही' कोण म्हणतं. वय, शिक्षण, लिंग यांनी काही फरक पडतो का. लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे 'हो की नाही' अशा उत्तराची शक्यता कशाकशाने बदलते ते काढायची पद्धत, तिने स्वतः वाचून बसवलं. गणित न जमणाऱ्या मुलीने.

काल तिचा पहिला तक्ता आला. नीटनेटका, शीर्षकासकट. वयाच्या ओळीत किमान 15, कमाल 999.

मी उत्तरात एवढंच लिहिलं : या आजोबांची एकदा मुलाखत घ्यायला हवी.